आषाढीआधीची खोली : जुनी भिंत, जुनं कपाट आणि सुट्टीतले धडे



मे महिना लागला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बाई, सुट्टीत पोरांना काय करायला देऊ? नुसती मोबाईल बघत बसतात." पूर्वी मी पुस्तकांची यादी द्यायचे. आता सांगते, घरातली सगळ्यात कळकट खोली निवडा, तिच्यातलं सगळ्यात जुनं सामान बाहेर काढा आणि मुलांना सोबत घेऊन ते नीट करा. विज्ञान, गणित, कार्यानुभव, सगळं त्यात येतं. पैसेही वाचतात. फक्त एका ठिकाणी मुलांना अगदी लांब ठेवायचं असतं. तिथे माझ्याकडून चूक झाली होती. खरं सांगायचं तर ती चूक तुमच्या कानावर घालावी म्हणूनच हा लेख लिहायला बसले आहे.

आमची पुढची खोली

आम्ही पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गाजवळच्या एका बोळात राहतो. घर जुनं, दगडमातीचं. इतर गावांत घराला रंग लागतो तो दिवाळीला. आमच्या गल्लीत आषाढीच्या आधी. कारण आषाढीला घर आपलं एकट्याचं राहत नाही. सोपा, माडी, जिन्याखालची जागा, जिथे पाठ टेकता येईल तिथे वारकरी उतरतात. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून मराठवाड्यातली एकच दिंडी येते. त्यांची पुढची खोली ठरलेली. त्या चार दिवसांत आम्ही स्वयंपाकघरात झोपतो.

२०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला होती. एप्रिलच्या शेवटी मी त्या पुढच्या खोलीकडे नीट पाहिलं आणि लाज वाटली. भिंतीला खालून चार फूट चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, त्याच्या वर पोपडे, खपल्या, पांढरा लोणा. आकाशी रंगाचं सागवानी कपाट, ज्याचं एक दार गेली वीस वर्षं ओढून उघडावं लागत होतं. नवार फाटलेला लाकडी पलंग. दोन डुगडुगत्या खुर्च्या.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने फोनवरच निकाल दिला. "आई, भिंतीला पॅनल मारून टाकू आणि रेडिमेड कपाट आणू. दोन दिवसांत खोली नवी." कंत्राटदार येऊन माप घेऊन गेला आणि अडतीस हजारांचा आकडा सांगून गेला. भंगारवाल्याने जुन्या कपाटाचे बाराशे देऊ केले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ते कपाट माझ्या लग्नाच्या आधीपासून या घरात आहे. विकायचं तेव्हा विका, मला विचारायला येऊ नका." हा होकार की नकार, हे एकतीस वर्षं सून असूनही मला कळलं नाही.

त्याच दिवसांत इकडे विठ्ठलाच्या देवळातही काम चालू होतं. पंढरपूरकरांना ते वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्शदर्शन बंद होतं, लांबून मुखदर्शन तेवढं मिळायचं. पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली गाभाऱ्यातली चांदी उतरवली, नंतरच्या काळात बसवलेली फरशी काढली आणि आतला मूळ दगड मोकळा केला. मे संपता संपता फरशीखाली एक तळघर सापडलं आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. २ जूनपासून दर्शन पुन्हा सुरू झालं. गावात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. माझ्या मनात आलं, देवळाला नवं रूप द्यायला काही चढवलं नाही, उतरवलं. आपली खोली ती केवढी, पण आपणही आधी काय काय उतरवता येतं ते बघू.

गल्लीतली आठवी-नववीची सात मुलं मदतीला आली. आणि आमच्या शेजारचे सुतारमामा. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, त्यात स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं म्हटलं आहे आणि तिथे सुताराचा उल्लेख आहे. मामांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे सरकारला आत्ता कळलं व्हय?"

भिंतीने काय सांगितलं

भिंतीवर लोणा का येतो, हे मुलांनी आधी स्वतः शोधावं म्हणून मी एक खडू शाईच्या पाण्यात उभा करून ठेवला. शाई बघता बघता खडूच्या टोकापर्यंत चढली. केशाकर्षण हा शब्द मुलांना पाठ होता, पण तो आपल्या पुढच्या खोलीत राहतो हे माहीत नव्हतं. जुन्या घरांच्या पायात ओल रोखणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून वर चढतं, सोबत क्षार आणतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक तयार होताना गिलाव्याला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात.

आता खरी गोम. आमच्या घरी कोणे एके काळी ही ओल दिसू नये म्हणून खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट दिला होता. म्हणजे पाण्याला बाहेर पडायची जी वाट होती, तीच बंद केली. पाणी थोडंच थांबणार? ते आणखी वर चढलं आणि पट्ट्याच्या वर फुटलं. पॅनल मारले असते तर तेच झालं असतं, फक्त आम्हाला दिसलं नसतं. पॅनलच्या मागे बुरशी वाढत राहिली असती आणि वारीतली म्हातारी माणसं त्या भिंतीला टेकून झोपली असती.

तुमच्या घरातली ओल भिंतीतली आहे की हवेतली, हे ओळखायची एक सोपी युक्ती मुलांना द्या. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेतून. दुसऱ्या प्रकारात खिडकी उघडी ठेवणं हाच निम्मा उपाय असतो. आमच्याकडे थेंब आत होते.

मग गवंड्याला बोलावून सिमेंटचा तो पट्टा काढून घेतला. त्यावरचा ऑइलपेंट गिलाव्यासकट निघाला. मुलांनी कोरड्या ब्रशने लोणा झाडला. इथे पाणी मारून भिंत धुवायचा मोह होतो, तो टाळा. क्षार पाण्यात विरघळून परत आत जातात. झाडून सुपलीत गोळा करायचे आणि बाहेर टाकायचे. नंतर भिंत तीन आठवडे तशीच उघडी ठेवली. सोलापूर जिल्ह्यातला मे महिना एरवी जीव नकोसा करतो, भिंत वाळवायला मात्र त्याच्यासारखा मजूर नाही. मग चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचीच सफेदी.

चुना : दहावीचा धडा घरात

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रांनो, चुन्याइतका स्वस्त आणि पूर्ण धडा दुसरा नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, वाफा येतात. हीच ती उष्मादायी अभिक्रिया, जी मुलं फळ्यावरून वहीत उतरवून घेतात. आता तयार झाली विरलेली चुनकळी. ती भिंतीवर लावली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही दिवसांत तिचा पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे डोंगरातली चुनखडी भट्टीतून, पिंपातून फिरून भिंतीवर परत चुनखडीच होऊन बसते.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. मी मुलांना विचारलं, "त्या नळीत झालं ते आणि या भिंतीवर होतंय ते, यात फरक काय?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, भिंतीवर फुंकर हळू चालू आहे." इतकं नेमकं उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं.

करायची रीत सांगते. कळीचा चुना मोठ्यांनीच विरवायचा, मुलं दहा हात लांब. पिंप लोखंडी घ्यायचं, पातळ प्लॅस्टिकची बादली घेऊ नका. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण चुना डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. चुकून गेलाच तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. हे जमणार नसेल तर सरळ विरवलेला चुना विकत आणा.

एक-दोन दिवस मुरू द्यायचा, जाड फडक्यातून गाळायचा, दुधाहून पातळ करायचा. त्यात भिजवलेला डिंक घालायचा म्हणजे हाताला कमी लागतो. चिमूटभर नीळ घालायची. नीळ का? चुन्यातली पिवळसर झाक निळ्याने मारली जाते आणि डोळ्याला पांढरं अधिक पांढरं दिसतं. कपड्यांच्या निळीचं तत्त्व तेच. लावायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडायचं.

पहिला हात दिला की सगळे घाबरतात, कारण ओला चुना पारदर्शक दिसतो. वाटतं, काही लागलंच नाही. मग लोक घट्ट कालवून थापतात आणि महिन्याभरात त्याच्या खपल्या पडतात. थांबा. वाळू द्या. सकाळी भिंत पांढरी झालेली असते. असे तीन पातळ हात. आणि एक लक्षात ठेवा, ऑइलपेंटवर किंवा डिस्टेंपरवर चुना धरत नाही. आधीचा रंग उतरवावाच लागतो.

सासूबाईंचा मात्र चुन्याला विरोध होता. "अगं, चुना अंगाला लागतो म्हणून तर तुझ्या सासऱ्यांनी ऑइलपेंट दिला होता. माणसं टेकून बसतात तिथे." मी म्हटलं, डिंक घातलाय, काही होत नाही. त्या गप्प बसल्या.

कपाट आणि माझी चूक

आता ती गोष्ट.

कपाटावर आकाशी रंग होता. एका कोपऱ्यात टवका उडाला होता, त्याखाली पिस्ता दिसत होता, त्याखाली चॉकलेटी. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तसे थर मोजता येतील, या उत्साहात मी सुट्टीच्या पहिल्याच रविवारी मोठ्ठा पॉलिश पेपर घेऊन कोरडंच घासायला बसले. दोन मुलं मदतीला. अंगणात रंगाची धूळ उडाली. जावेची तीन वर्षांची नात तिथेच भातुकली मांडून बसली होती. त्या निळ्या पिठाचा तिने भात केला. मी ते पाहिलं आणि हसले. तासभर हे चाललं.

सुतारमामा आले आणि दारातूनच ओरडले, "ओ बाई, जुना रंग असा कोरडा घासत्यात का? पोरं आत न्या आधी." त्यांना कारण नीट माहीत नव्हतं. त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं, एवढंच. कारण मला माहीत होतं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि ते मला त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं, हे जास्त लागलं.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. रंग भडक दिसावा, लवकर वाळावा, टिकावा म्हणून शिशाची संयुगं घालत. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दशलक्षात ९० भागांच्या आत असलं पाहिजे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याच्या आधीचा रंग कसा असेल याची खात्री नाही. आमचा आकाशी तर त्याच्या कितीतरी आधीचा. शिसं मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अपायकारक नाही अशी शिशाची कुठलीही मात्रा माहीत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. मुलं रांगतात, हात तोंडात घालतात. शिवाय शिशाच्या रंगाची चव गोडसर असते.

पोरीचे हातपाय धुतले, सगळ्यांचे कपडे वेगळे धुतले, अंगण झाडलं नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतलं. झाडलं तर धूळ परत उडते. जावेला सगळं सांगितलं. ती मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच सहन होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एका सकाळीने फार काही होऊ नये, पण मनाची खात्री करायची तर रक्त तपासून घ्या. तिघा मुलांचे नमुने पुण्याला गेले. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. रिपोर्ट ठीक आले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांची माफी मागितली आणि झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला. एका मुलाचे वडील म्हणाले, "बाई, आम्ही दर दिवाळीला ग्रिल असंच घासतो की." हे वाक्य ऐकलं तेव्हा ठरवलं, हे लिहायचं.

म्हणून पालकांनो, रंग २०१७ च्या आधीचा असेल किंवा कधीचा ते माहीत नसेल, तर तो कोरडा घासू नका. रंग शाबूत असेल, पोपडे नसतील, तर तो काढण्याच्या भानगडीतच पडू नका. स्वच्छ पुसून त्यावर नवीन, शिसं नसलेल्या रंगाचा हात द्या. उतरवणं नेहमीच बरं असं मी वर सुचवलं खरं, पण इथे झाकणंच शहाणपणाचं. काढायचाच असेल तर घराबाहेर, मुलं आणि गरोदर बाई जवळ नसताना, रंग उतरवायचं रसायन लावून किंवा पाणी लावून वॉटर पेपरने, हातमोजे आणि चांगला मास्क घालून काढा. साधा रुमाल पुरत नाही. खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाका, परसात किंवा तुळशीजवळ झटकू नका. आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे जुन्या खिडकीच्या रंगीत ढलप्या बंबात घालतात. कृपा करून घालू नका. शिसं धुरातून घरभर होतं.

आमचं कपाट मामांनी आपल्या शेडमध्ये नेलं आणि रसायनाने उतरवलं. दार पावसाने फुगलंय असं आम्ही वीस वर्षं म्हणत होतो. ते फुगलं नव्हतंच. फटीत रंगाचे तीन थर साचले होते आणि पितळी बिजागऱ्यासुद्धा रंगात बुजल्या होत्या. रंग निघाल्यावर दार एका बोटाने फिरलं. भंगारात बाराशेला निघालेलं हे अस्सल सागवान.

शेवटच्या थराखाली चपडी लाखेचं पॉलिश निघालं. ते ओळखायची खूण म्हणजे न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवायचा. चिकट झालं तर लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणूनच तिची डागडुजी सोपी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यापासून ही लाख मिळते, हे मुलांना खरं वाटेना. गरम कपाचे पांढरे डाग पडलेलं तुमच्याकडे असं जुनं टेबल असेल, तर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा त्यावरून हलकेच फिरवून बघा. बहुतेक डाग जातो.

आतल्या फळ्यांना जवसाचं तेल लावलं. इथे मामांनी वापरलेली फडकी गोळा करून न ठेवता दोरीवर एकेक पसरली. मुलांनी विचारलं, का? जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता साठत जाते आणि काडी न लावता आग लागू शकते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. ज्वलनाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सहा पट्ट्या कमी पडल्या

पलंगाचं काम मी पूर्ण मुलांवर सोडलं. पलंग ६ फूट लांब, ३ फूट रुंद. नवार ३ इंच रुंद. किती नवार आणायची?

त्यांनी हिशेब मांडला. लांबीच्या दिशेने पट्ट्या किती? ३६ इंचांत १२. प्रत्येकी ६ फूट, म्हणजे ७२ फूट. आडव्या पट्ट्या ७२ इंचांत २४, प्रत्येकी ३ फूट, म्हणजे पुन्हा ७२ फूट. दोन्ही उत्तरं सारखी आली तेव्हा एकाला वाटलं आपलं चुकलं. मी म्हटलं, चुकलं नाही, पण सारखं का आलं ते सांगा. अर्ध्या तासाने उत्तर आलं. दोन्ही वेळी आपण तेच १८ चौरस फूट झाकतोय, पट्टीची रुंदी तीच, मग लांबी वेगळी येईलच कशी? क्षेत्रफळ भागिले रुंदी. मी हे वर्गात चार वर्षं सांगतेय.

एकूण १४४ फूट, म्हणजे साधारण ४४ मीटर. दुकानातून ४५ मीटर आणली. विणायला लागले आणि शेवटच्या सहा आडव्या पट्ट्या कमी पडल्या. चेहरे बघण्यासारखे झाले. चूक कुठे ते त्यांनीच शोधलं. पट्टी दांड्यावरून वळून खालून परत येते, त्या वळशाला सुमारे ९ इंच लागतात. असे ३६ वळसे, म्हणजे २७ फूट. ते कुणी धरलेच नव्हते. शिवणकाम करणाऱ्या आया हे ऐकून हसतील, त्यांना शिवणीतलं कापड धरायची सवय असते. मला स्वतःला हिशेब बघताना हे दिसलं होतं. मी सांगितलं नाही. दुकान दोन मिनिटांवर आहे आणि नवार मीटरवर मिळते. अशी चूक करू द्यायला परवडते. रंगाच्या धुळीची परवडत नाही. कुठली चूक होऊ द्यायची आणि कुठली नाही, हे आधी मोठ्यांनी ठरवून ठेवावं लागतं, आणि मी त्या रविवारी ते ठरवलं नव्हतं.

बाकी किरकोळ. खुर्च्या डुगडुगत होत्या त्या सांध्यातला जुना सरस निघाल्यामुळे. तो खरवडून नवा लावला, सुतळीने आवळून रात्रभर ठेवलं. कपाटाचे खण अडत होते, त्यांच्या कडांना मेणबत्ती घासली. सासूबाईंच्या दोन जुन्या नऊवारींची वाकळ शिवून पलंगावर घातली. खिडकीच्या काचा मुलांनी भिजवलेल्या वर्तमानपत्राने पुसल्या आणि खोलीत उजेड दुप्पट वाटला. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. सगळा खर्च, गवंड्याची आणि मामांची मजुरी धरून, साडेनऊ हजारांत बसला. रक्ताच्या तपासणीचे पैसे यात धरलेले नाहीत.

दिंडी आली

दशमीला संध्याकाळी दिंडी आली. मंडळी खोलीत शिरली आणि दारातच थबकली. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी दरवर्षी त्याच कोपऱ्यात बसतात. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, म्हणाल्या, "गार लागतंय. आमच्या माहेरी अशी भिंत व्हती." मग बोचकं पलंगाखाली सारून त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि लगेच डोळे मिटले. जावेची नात त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी चंद्रभागेकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या हिरव्या लुगड्यावर, पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत चुन्याचा पांढराशुभ्र पट्टा उमटला होता. कुणीतरी दाखवून दिलं. त्या खो खो हसल्या. "असू द्या की. बुक्का कपाळाला, चुना पाठीला."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या आषाढीआधी भिंतीच्या खालच्या भागाला बांबूची चटई लावायची ठरली आहे. मागून हवा खेळावी म्हणून ती भिंतीपासून बोटभर सुटी ठेवायची, ही सूचना एका मुलाची. माप त्यांनीच घेतलंय, आणि या वेळी कोपऱ्यातल्या वळणाचे इंच धरले आहेत.